रीळचा दांडा उजवीकडं बसवून देणाऱ्या अण्णांना

अण्णा,

नाव विचारायचं राहिलं, म्हणून नुसतं अण्णा. हिडकल धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला तुमचं मासे धरायच्या सामानाचं पत्र्याचं दुकान आहे. दारात जाळी टांगलेली, आत बरण्यांत बोये आणि शिसं. फेब्रुवारीत एका दुपारी मोटारसायकलवरून पोराला घेऊन आलेला निपाणीकडचा म्हातारा, तो मी. उजव्या हाताला दोन बोटं नसलेला. तुम्ही त्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तरी ओळख पटवायला मलाच तो पुढं करावा लागतोय, ही गंमतच.

१९९६ साली गुऱ्हाळावर ऊस सारताना चरकानं तर्जनी आणि मधलं बोट नेलं. त्याआधी वेदगंगेच्या डोहावर वेळूची काठी, नायलॉनचा दोरा आणि गांडूळ एवढ्यावर माझं बालपण गेलं होतं. बोटं गेल्यावर काठी माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत जावई आला. फौजेत आहे, सध्या हिमाचलात. म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात या, तीर्थन नदीला ट्राउट आहे. परवाना मी काढतो. मार्चच्या आधी येऊ नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं मासेमारी बंद असते." झालं, एकोणतीस वर्षांनी डोक्यात गळ अडकला.

तुमच्याकडं यायच्या आधी आम्ही दोन ठिकाणी हात पोळून घेतले होते. पहिलं दुकान शहरातलं, काचेचं. तिथल्या माणसानं माझ्या हाताकडं एकदा बघितलं आणि पुढचं सगळं बोलणं पोराशी केलं. "काकांना झेपंल असं काहीतरी देतो," म्हणून आठ फुटी, एकात एक सरकणारा दांडा गळ्यात मारला. त्यावर चाळीस ते ऐंशी ग्रॅम छापलं होतं. त्याचा अर्थ त्यानं सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. मी त्याला तीन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणाऱ्या चकतीचा गळ, बांधून फेकला, तो माझ्याच चपलेजवळ पडला. ऐंशी ग्रॅम पेलणाऱ्या दांड्याला तीन ग्रॅमनं बाक येत नाही, आणि बाक आला नाही तर फेक जाते कशानं? चिलापी गांडूळ कुरतडून गेली तरी हाताला कळायचं नाही. दुसरा दांडा पोरानं मोबाईलवरनं मागवला. त्याचं टोक पेटीतच मोडून आलं, आणि परत घ्यायला तिकडचा माणूस महिनाभर फोटोच मागत बसला. घरात बायको म्हणायला लागली, "आता मासा बाजारातनंच आणा."

तर अशा तोंडानं आम्ही तुमच्याकडं आलो. तुम्ही आधी दांडा दाखवला नाही. विचारलंत, "काका, काय धरनार? कुठं धरनार?" तुमच्या मराठीत ‘ण’ येत नाही, माझ्या कन्नडात बरंच काही येत नाही, पण दोघांचं भागलं. मी म्हटलं इथं चिलापी, तिकडं ट्राउट. तुम्ही हसून एका पाकिटावर बोट ठेवलंत. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, पॅनफिश आणि ट्राउट. "अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी असतात नोड्री, तळव्याएवढे. तव्यात बसनारे. आपली चिलापीच."

मग मुठीच्या वरच्या बारीक अक्षरांवर नख फिरवलंत. इतक्या दुकानांत मला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. सहा फूट, अल्ट्रालाईट म्हणजे अगदी हलका गळ फेकणारा, गळाचं वजन एक ते सात ग्रॅम, दोरा दोन ते सहा पौंड. पाच फुटी दांडा झाडोऱ्यात बरा पण लांब फेकत नाही, सात फुटी लांब फेकतो पण फांदीत अडकतो, म्हणून सहा. शेजारी निव्वळ कार्बनचा एक होता, जवळजवळ दुप्पट किमतीचा, हातात घेतला तर पिसासारखा. माझा जीव त्याच्यावर गेला होता, हे तुम्ही बघितलंत. "बेड काका, नको. हलका हाय, पन दगडावर आपटला की गेला. तुमी नदीला दगडावरनंच चालनार." आणि काच-कार्बन मिसळलेला, पंधराशेच्या आतला पुढं केलात. त्याच्या दोरा ओवायच्या कड्या एकेक करून कापसानं पुसल्यात. चीर असेल तर कापूस अडकतो आणि तीच चीर पुढं दोरा कापते, असं पोराला समजावलंत. दोरा गुंडाळायचं हजार नंबरचं लहान रीळ, चार पौंडाचा साधा दोरा. "गाठ ओली करून आवळा," एवढंच वर.

इथवर चांगला दुकानदार कुणीही असता. मी पत्र लिहितोय ते पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी.

रीळ पेटीतनं निघालं तेव्हा फिरवायचा दांडा डावीकडं होता. म्हणजे उजव्या हातानं फेकायचं, डाव्यानं गुंडाळायचं. फेकताना दोरा तर्जनीवर धरावा लागतो. माझी तर्जनी चरकात गेलेली. हे मी सांगणार होतो, शब्द जुळवत होतो, आणि पोरगं माझ्या आधी तोंड उघडणार म्हणून मला आधीच लाज वाटायला लागली होती. तुम्ही कुणाकडं न बघता उजवीकडची बारकी टोपी फिरवून काढलीत, फिरवायचा दांडा उपसून त्या बाजूनं घातलात, टोपी डावीकडं लावलीत आणि माझ्या डाव्या हातात सगळं दिलंत.

"हिडीरी काका."

बस्स. धरा, इतकंच. मग रस्त्याच्या पलीकडं घमेलं ठेवून, बिनगळाचं अडीच ग्रॅमचं शिसं लावून मला फेकायला लावलंत. पहिल्या दोन फेकी डांबरावर. तिसऱ्यांदा घमेलं वाजलं. तुम्ही तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाईकाला जाळी मोजून देत होतात. मान वर केलीत, हसलात, परत वार मोजायला लागलात. कौतुक केलं असतंत तर मला रडू आलं असतं.

आमच्या ह्या भागात पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली ह्यावरनं डोकी फुटलेली मी बघितलीत, तरुणपणी ओरडलोयही. माझ्या आईच्या भाषेत बोलणाऱ्या दुकानदारानं मला पोराच्या आडून बघितलं आणि तुम्ही "हिडीरी" म्हणालात. ह्यातनं मी काही मोठा सिद्धांत काढत नाही. शहाणपण भाषेत नसतं हे आजी सांगायची, तेव्हा ऐकलं नाही इतकंच. पण चांगुलपणा कसा असतो म्हणून कुणी विचारलं तर मी देवळाचं नाव सांगणार नाही, तुमचं पत्र्याचं दुकान सांगणार.

मे महिन्यात तीर्थनला जाऊन आलो. पाणी इतकं थंड की पोटऱ्या बधिर. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या सकाळी धोंड्याच्या मागच्या शांत पाण्यात स्पिनर टाकला, आणि दांड्याचं टोक असं थरथरलं की जणू कुणी करंगळी धरली. अंगावर लाल ठिपके असलेली तपकिरी ट्राउट, वीतभर. जावयानं फोटो काढायच्या आत मी सोडली. त्याला अजून राग आहे.

इथं हिडकलच्या पाण्यावर मात्र आठवड्याला जातो, चिलापी घरी येते, बायको आता बाजाराचं नाव काढत नाही.

एक काम होतं. ती डावीकडची बारकी टोपी धोंड्यावरनं उतरताना नदीत पडली. भोकात पाणी जातं म्हणून सध्या मेण भरलंय. जुन्या मोडक्या रीळची असली तरी चालेल, शोधून ठेवा. पुढच्या रविवारी येतो. येताना घरचा गूळ आणतो.

तुमचा,
निपाणीकडचा काका