आधी आवाज नीट कर

पुणे
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

मुंबईच्या चॅनेलमधली नोकरी घेऊ की चर्चच्या मंडळीचं काम करू, हा तुझा प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. नोकरी घे. मंडळीचं काम तुला मनापासून करायचंय, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय, दोन-तीन वर्षं बाहेर जाऊन घासून ये. आपल्या चर्चमध्ये आवाज फाटला तर लोक म्हणतात, "असू दे, पोरं सेवा करतात." प्रेमाने म्हणतात, पण त्या प्रेमाने हात तयार होत नाही. प्रसारणाच्या खोलीत कुणी असू दे म्हणत नाही.

मी आकाशवाणीला नैमित्तिक निवेदक म्हणून लागलो, तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं की आता पोरगं मार्गी लागलं. तसं नसतं. महिन्याला सहाच्या वर ड्यूटी मिळत नाही, आणि त्यात पुण्यात खोलीचं भाडंही निघत नाही. म्हणून बाकीचे दिवस मी एका स्टुडिओत आवाज साफ करायचं काम करतो आणि रविवारी मंडळीचं प्रक्षेपण सांभाळतो. पण पुणे केंद्रात त्या टेबलावर बसून जे शिकलो, ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं. समोर सेकंदकाट्याचं घड्याळ, बाजूला क्यू शीट म्हणजे कशानंतर काय वाजवायचं तो कागद, बोटाखाली फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. दोन गाण्यांच्या मध्ये तीन सेकंद काहीच वाजलं नाही की ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जातो आणि ड्यूटी ऑफिसरचा लॉगबुककडे. माइक उघडण्याआधी पहिलं वाक्य मनात पूर्ण तयार हवं. कागद पलटताना त्याचा आवाज येता कामा नये. खोकला आला तर आधी फेडर खाली. लहान गोष्टी आहेत, पण वर्षभर पाळल्या की अंगात मुरतात, आणि मग उपासनेच्या वेळीही तू आपोआप तसाच वागतोस.

तुला एक जुनी हकिगत सांगतो, मला ती फार आवडते. 2 जानेवारी 1921 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून केडीकेए या केंद्राने उपासना रेडिओवरून थेट ऐकवली. रेडिओवरची ही पहिली उपासना मानतात. मंडळीचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दोन्ही इंजिनिअरना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. त्यातला एक ज्यू होता, दुसरा कॅथलिक. दोघांचीही ती मंडळी नव्हती, तरी तारा ओढून, माइक लावून, झगा घालून ते गुपचूप काम करत राहिले. कुणासाठी? त्या इमारतीत नसलेल्या माणसांसाठी. आपल्या धंद्याचं सगळं मर्म मला त्या दोन झग्यांत दिसतं. चर्चमध्ये बसलेल्यांना आपली गरज नसते, पाळकसाहेबांचा आवाज त्यांना तसाही ऐकू येतो. आपण काम करतो ते न आलेल्यांसाठी.

हे मला पुरतं कळलं ते लॉकडाऊननंतर. 12 एप्रिल 2020 चा ईस्टर आठव. चर्चला कुलूप आणि घराघरांत मोबाइल. त्याच सुमारास गावोगावच्या मंडळ्यांनी हाताला येईल त्या फोनवरून उपासना दाखवायला सुरुवात केली. पुढे चर्च उघडली, पण काही माणसं परत आलीच नाहीत, कारण त्यांना येताच येत नव्हतं. आमच्या मंडळीतल्या एक आजी आहेत, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. मी त्यांच्याकडे गेलो तर फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि आजी खाली बसून तांदूळ निवडताहेत. पडद्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मला म्हणाल्या, "उपदेश कळतो रे, पण गाणं कुठंतरी लांब विहिरीत चाललंय असं वाटतं. आणि मंडळी गातच नाही का हल्ली?"

मंडळी तर खणखणीत गात होती. पण तिच्यासमोर माइकच नव्हता. बहुतेक चर्चमध्ये हेच होतं बघ. सभागृहातल्या स्पीकरसाठी केलेलं आवाजांचं मिश्रण तसंच्या तसं यूट्यूबला जोडतात. ढोलकी सभागृहात मुळातच मोठी वाजते, म्हणून मिक्सरवर तिला खाली ठेवलेलं असतं. घरी ऐकणाऱ्याला मग ढोलकी जवळजवळ येतच नाही, पेटी कोपऱ्यात जाते आणि पुढे उरतो एकटा गायक. म्हणून प्रक्षेपणासाठी मिक्सरच्या ऑक्स या स्वतंत्र आउटपुटमधून वेगळं मिश्रण काढायचं, दुसऱ्या खोलीत बसून हेडफोनवर ऐकत ते जुळवायचं आणि मंडळीच्या डोक्यावर दोन माइक टांगायचे, फक्त त्यांच्या गाण्यासाठी. त्या दोन माइकांनी जे होतं ते महागड्या कॅमेऱ्याने होत नाही. कॅमेऱ्यासाठी आणि एलईडी भिंतीसाठी वर्गणी लगेच जमते, माइकसाठी जमत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस उपासनेत टिकतो. आवाज कानाला टोचला की फोन बंद होतो.

दोन गोष्टी तू आत्ताही करू शकतोस. कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरपर्यंत पोहोचायला आवाजापेक्षा थोडा जास्त वेळ घेतं, म्हणून पाळकसाहेबांचे ओठ मागे राहतात. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड कर, हात जुळतात ती फ्रेम आणि आवाज यातलं अंतर मोज. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. तेवढा उशीर ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला दे. दुसरं, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेव. ट्यूबलाइटची लुकलुक थांबेल.

आता कीर्तन, कारण तुझ्याकडे ते आहे आणि माझ्याकडे पुण्यात फारसं नाही. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली. नारायण वामन टिळकांची भजनं आपण पाळण्यापासून ऐकली. 1842 ला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिकही नगरचंच. एवढं घरात असताना आपली पोरं इंग्रजी गाण्यांच्या चाली उचलून त्यावर निळे दिवे सोडतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, पण ढोलकीला माइक कसा लावायचा हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. कीर्तनकाराला कॉलर माइक लावलास तर उपरणं त्यावर घासतं आणि हातातल्या चिपळ्या थेट त्यात घुसतात. उभ्या स्टँडचा माइक दिला तर तो चार पावलं मागे सरकला की आवाज गेला. मी कानाला अडकवायचा माइक वापरतो, गालाच्या बाजूने, तोंडाच्या अगदी समोर नाही. ढोलकीच्या दोन्ही पानांना वेगळे माइक, आणि धृपद धरणाऱ्यांना मधोमध एकच माइक, सगळे त्याच्याभोवती अर्धगोलात. पेटीचा माइक भात्याचा फसफस आवाज टाळून. आख्यानात कीर्तनकार कुजबुजतो आणि पुढच्याच ओळीला गर्जतो, म्हणून गेन, म्हणजे माइकची मूळ पातळी, गर्जनेवर बसव आणि कुजबुज हाताने उचल, सगळं यंत्रावर सोपवू नकोस.

पैशाबद्दलही बोलतो, कारण यावर आपल्यात कुणी उघड बोलत नाही. एका मोठ्या मंडळीने माझ्याकडून सबंध अधिवेशन रेकॉर्ड करून घेतलं, रात्री जागून संकलन करून घेतलं आणि शेवटी प्रार्थना करून निरोप दिला. प्रार्थना मला हवीच होती. पण हार्ड डिस्क मी माझ्या पैशाने घेतली होती. तेव्हापासून मी दोन कप्पे केले आहेत. माझ्या स्वतःच्या मंडळीचा रविवार ही माझी सेवा, तिथे एक पैसा घेत नाही. बाकी सगळीकडे काम, तारीख आणि रक्कम आधी लिहून घेतो. तूही सुरुवातीपासून तसंच कर. उपाशी माणूस सेवेत फार दिवस टिकत नाही, आणि तो सोडून गेला की मंडळीचंही नुकसानच होतं.

रेडिओवर जायचं मनात असेल तर एक लक्षात ठेव. आपल्या देशात खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही. आपल्या आधीची पिढी शॉर्टवेव्हवर कान लावून बसायची, सेशेल्स बेटांवरून फीबा या ख्रिस्ती रेडिओ संस्थेचं प्रसारण 1970 पासून 2003 पर्यंत चालू होतं. आता ती जागा यूट्यूबने घेतली आहे. त्यामुळे रेडिओचं शिक्षण घ्यायचं ते आकाशवाणीत किंवा एखाद्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर, आणि वापरायचं ते इथे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या टेलिव्हिजन विभागातही ध्वनीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे, चॅनेलमध्ये मन रमलं नाही तर त्याचा विचार कर.

आणि गाण्यांच्या हक्कांमुळे तुमचे व्हिडिओ अडकतात म्हणालास. टिळक 1919 ला गेले. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा त्यांची पदं केव्हाच मोकळी झाली. पण दुसऱ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो ट्रॅक मागे लावू नका. स्वतःच्या पेटी-ढोलकीवर गा.

आता माझं एक काम. तुझ्या आजोबांबरोबर गाणारे ते म्हातारे कीर्तनकार अजून उभे राहून आख्यान लावतात असं तू लिहिलंस. त्यांचं एकही चांगलं रेकॉर्डिंग कुठे नाही. मी नाताळला येतोय. रेकॉर्डर, चार माइक आणि केबल मी आणतो, ढोलकीवाल्याला तू गाठून ठेव. चर्चमध्ये नको, तिथे आवाज फार घुमतो. शाळेचा जुना हॉल बघ, आणि जमिनीवर सतरंज्या मिळतील तेवढ्या अंथर. पंखे बंद ठेवावे लागतील, तेव्हा सकाळची वेळ घे. त्यांना आधी विचार की कोणतं आख्यान त्यांना स्वतःला सगळ्यात आवडतं, तेच घेऊ.

चॅनेलला हो म्हण, पण रुजू व्हायची तारीख नाताळानंतरची मागून घे.

तुझाच,
मित्र