विटलेला निळा

सोलापूर,
२० जानेवारी

प्रिय सुऱ्या,

काय बे, कसा आहेस? तुझं पार्सल पोचलं. खायचं काहीतरी असेल म्हणून घाईनं फोडलं, तर आत वय उलटं फिरवणाऱ्या गोळ्यांचे दोन डबे! डब्यावरची किंमत वाचून बायको म्हणाली, एवढ्यात वर्षाची ज्वारी आली असती. आणि वर चिठ्ठी, ‘तू जीवशास्त्राचा मास्तर, सांग, गुण येतो का?’ सांगतो. पण आधी अण्णांचं ऐक.

अण्णा आता ८६ चे. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा होळीनंतर काढायचाय. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली ती निळी चादर मागितली. मागावर होते तेव्हा स्वतः विणलेली, मोरांची. तुला माहीतच आहे, तिच्यावर बसल्याबद्दल आपण दोघांनी मार खाल्लाय. गेली पंधरा वर्षं त्यांची एकच तक्रार, रंग मातकट झाला, रंगाऱ्यानं कच्चा रंग देऊन फसवलं. चादर मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. एक डोळा झाकायचा, बघायचं. दुसरा झाकायचा, बघायचं. मग म्हणाले, “रंग उतरला न्हवता रं. माझा डोळा उतरला होता.”

मी अख्खी नोकरी मुलांना डोळ्याची आकृती काढून दिली, पण म्हातारपण एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत दोन वयं!

झालं काय होतं, बघ. रक्तातली तांबडी पेशी १२० दिवसांत बाद होऊन नवी येते, कातडी सारखी बदलत असते. डोळ्याच्या भिंगाचं तसं नाही. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना तयार होतात, ती शेवटपर्यंत तीच. भिंग आरपार दिसावं म्हणून तिथल्या पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात, म्हणजे दुरुस्तीचं सामानच घरात नाही. मग वर्षानुवर्षं ऊन लागतं, साखर चिकटते, प्रथिनं पिवळी पडतात आणि गुठळतात. पिवळं भिंग नेमका निळा अडवतं. साखर प्रथिनाला चिकटायची ही खोड तव्यावर भाकरी तांबूस होते त्याच जातीची. दर तीन महिन्यांनी तू साखरेची ती एचबीएवनसी तपासणी करून घेतोस ना, त्यात हेच मोजतात, फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनवर.

आता तू म्हणशील, म्हणजे शरीर मागासारखंच झिजतं की. मीही वर्गात तसंच सांगायचो. पण ते अर्धंच खरं. माग स्वतःचा तुटका धागा स्वतः सांधत नाही, शरीर सांधतं. खरा प्रश्न असा की सांधणारा हात ढिला का पडतो? १९७७ साली टॉम कर्कवूड या इंग्रज शास्त्रज्ञानं हिशेबाच्या भाषेत उत्तर दिलं: दुरुस्तीला खर्च येतो. रानातला उंदीर बहुधा वर्षाच्या आत घुबडाच्या किंवा थंडीच्या तोंडी जातो. चौथ्या वर्षाच्या डागडुजीवर निसर्गानं खर्च का करावा? त्यापेक्षा पिलं वाढवलेली बरी. उलट वटवाघूळ उडून निसटतं, म्हणून त्याच्यावरचा खर्च वसूल होतो. सैबेरियात जेमतेम सात ग्रॅमचं एक वटवाघूळ खूण केल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं. उंदीर पिंजऱ्यात सुखात ठेवला तरी दोन-तीन वर्षांचाच धनी.

टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, वयाबरोबर झिजतात असं तू लिहिलंयस, तेही खरं आहे, पण गोळ्यांच्या जाहिरातवाल्यानं ते फार ताणलंय. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या पेशी काचेच्या बाटलीत साधारण पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. गंमत म्हणजे मध्येच गोठवून ठेवल्या आणि पुन्हा वितळवल्या, तरी राहिलेला आकडा त्यांच्या लक्षात असतो. पुढे कारण सापडलं. गुणसूत्राच्या टोकाला चादरीच्या दशांसारखा जादाचा भाग असतो, तोच टेलोमिअर, आणि तो दर विभाजनाला थोडा कमी होतो. या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळेतल्या उंदराच्या दशा आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात! लांबीवर आयुष्य ठरलं असतं, तर ते उंदीर शंभरी गाठते.

तू जन्मभर विमा विकलास म्हणून एक सांगतो. हे गणित पहिल्यांदा मांडलं तुमच्याच धंद्यातल्या माणसानं, बेंजामिन गोम्पर्ट्झनं, १८२५ साली. मोठ्या वयात मरणाची शक्यता ठरावीक काळानं दुप्पट होत जाते. आजच्या आकड्यांत साधारण दर आठ वर्षांनी. तुझे हप्ते त्यावरच बेतलेले होते बे, आणि तू गोळ्या विकत घेतोस!

तर गोळ्यांचं उत्तर. उंदरांवर काही गोष्टी खरंच चालतात. १९३५ मध्ये कमी खायला घातलेले उंदीर जास्त जगले. २००९ मध्ये रॅपामायसिन म्हाताऱ्या उंदरांना दिलं, तेही जास्त जगले; पण ते किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायला देतात, हौसेनं खायचं औषध नाही. तू पाठवलेल्या डब्यातल्या गोळीनं माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा कुठेही नाही. डबे परत पाठवतोय. पैसे परत मिळत असतील तर मागून घे.

माणसावर सिद्ध झालेलं विचारशील तर ते फुकट आहे. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. ताकद दुपटीच्या वर गेली. नव्वदीत! गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी मिरवणुकीतला उंच, जड नंदीध्वज पेलायचा सराव चालायचा, तेव्हा तू चार पावलांत डगमगलास आणि मी हसलो, आठवतं? यंदा मिरवणुकीत बाराबंदीतले एक आजोबा तरण्या पोरांना पाय कुठं ठेवायचा ते दाखवत होते. मी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकतो.

बाकी सगळं ठीक. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. तेव्हा ऊन मरणाचं असेल, पण तुला यावंच लागेल. अण्णांचा डावा डोळाही तोवर झालेला असेल. त्या रंगाऱ्याचं घर पूर्व भागात अजून आहे म्हणतात, तो गेला, मुलगा असतो. अण्णांनी चादर पिशवीत घालून दाराशी ठेवलीय. म्हणतात, दोन्ही डोळ्यांनी एकदा बघतो, मग जाऊन सांगतो.

तुझा,
अव्या