हळदीला जाण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "हळदीला जातो, हातात सोड्याचा ग्लास धरतो. जमेल मला." जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. वैभव तुझा आतेभाऊ आहे आणि आत्याचा स्वभाव मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त गोळीचं लिहिते आणि थांबते.

दारूपासून लांब राहायला तू घेतोस ती डायसल्फिराम लग्नासाठी बंद करायची नाही. पुष्कळ जण नेमकं हेच करतात. चार दिवस आधी गुपचूप थांबवतात आणि विचारलं की म्हणतात, विसरलो. पण शेवटच्या गोळीचा अंमल 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. यकृत दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते मोडतं. गोळी हे मोडणंच अडवते, म्हणून ते अंगात साचतं. थोडीशी घेतली तरी काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. जिवावरही बेतू शकतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, गोळी थांबवायचं ठरतं तेव्हाच प्यायचं ठरलेलं असतं. ग्लास नंतर येतो. म्हणून पाकीट प्राजक्ताकडे दे आणि रोज सकाळी चहाच्या वेळी तिच्यासमोर घे. ती पहारा करते असं मनात आणू नकोस. सकाळी घेतली की त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो. रात्री दहाला वैभवच्या मित्रांसमोर नव्याने ठरवावं लागत नाही.

ताबा सोडायचा म्हणजे एवढंच. तुला मात्र बारा पायऱ्यांतली पहिलीच अडते. 1935 साली अमेरिकेत अॅक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले, त्यातून दारू सोडणाऱ्यांचं, या पायऱ्यांचं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभं राहिलं. दोघंही शिकलेले, कर्तबगार. त्यांनाही दारूपुढे आपलं चालत नाही हे आधी कबूल करावं लागलं. तू विचारतोस, मग इच्छाशक्ती कशाला? मीटिंगला जायला, स्पॉन्सरला, म्हणजे तुझ्या आधी दारू सोडलेल्या तुझ्या ग्रुपमधल्या सोबत्याला, फोन करायला, आठ वाजता मांडवातून उठायला. ग्लास समोर आल्यावर तिची परीक्षा घ्यायची नाही. फक्त बिअर, फक्त शनिवारी, फक्त घरात, हे नियम करून झाले ना तुझे? बाबांचेही झाले होते. देवाचं म्हणशील तर तिसऱ्या पायरीत ज्याला जसा उमजेल तसा देव आहे. कित्येक नास्तिक ग्रुपलाच ती जागा देतात.

झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस.

सातवीच्या स्कॉलरशिपला न सुटणारं गणित सोडून तू पुढे जायचा नाहीस. बाई ओरडायच्या, तुझे कान लाल व्हायचे, पण पेन्सिल तिथेच. तोच हट्टी मुलगा डिटॉक्सच्या तिसऱ्या दिवशी हात थरथरत असताना "घरी न्या" म्हणाला नाही, हे मी नातेवाइकांत कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते.

बरं, हळद. घरून जेवून जा. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं एकही सोबत नेऊ नकोस. स्वतःची गाडी ने, म्हणजे निघणं कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. जाण्याआधी आणि निघाल्यावर स्पॉन्सरला फोन करायचा हे आजच ठरव. आणि सोड्याचा ग्लास नकोच. टेबलावर ठेवला की कुणीतरी प्रेमाने भरतो, किंवा अंधारात दुसऱ्याचाच हातात येतो. पाण्याची सीलबंद बाटली घे, झाकण स्वतः उघड.

अल-अनॉनच्या, म्हणजे आम्हा घरच्यांच्या ग्रुपच्या, मीटिंगमध्ये मीही ठरवलंय. तुझ्या तोंडाचा वास घ्यायचा नाही, कपाट उघडायचं नाही, प्राजक्ताला चोरून फोन करायचा नाही. तुझी दारू माझ्या हातात नाही. ते पाळतेय. हळदीहून किती वाजता निघशील, एवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. खोकला दिसला की मावशी द्राक्षासव पुढे करेल. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं, गोड बोलून परत कर. लग्नाच्या जेवणाने पोट बिघडलं तर दुकानातून परस्पर मेट्रोनिडाझोल घेऊ नकोस. डायसल्फिरामबरोबर त्याने माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. डॉक्टरांना आधी डायसल्फिराम चालू आहे हे सांग, मग पोटाचं.