टुकड्याचा भाव आणि सोलणीची टेबलं

फोंडा, गोवा

प्रिय दामू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा खर्चाचा तक्ता मिळाला. काजूचा टुकडा, म्हणजे फुटलेला गर, विकणं बंद करायचं आणि टरफल कापायचं (कटिंगचं) दुसरं मशीन कर्ज काढून घ्यायचं, असं तू जवळजवळ ठरवलंयस, म्हणून लगेच लिहायला बसलो. दोन्ही गोष्टी जरा थांबव.

आधी टुकडा. तुझ्या हिशेबनिसाने सगळा खर्च एकूण किलोंनी भागलाय. ढोबळमानाने शंभर किलो काजूगर धरूया. त्याला साधारण चारशे किलो टरफलासकट कच्ची बी लागते. १३० रुपयांनी ५२,००० झाले. जळण, किलोवरची मजुरी, पॅकिंग मिळून ७,०००. भाडं, पगार, विमा, बँकेचा हप्ता यांचा वाटा ११,०००. एकूण ७०,०००, म्हणजे किलोला ७००. अख्खा काजू ८५० ला जातो, तिथे दीडशेचा नफा दिसतो. टुकडा ५६० ला जातो, तिथे १४० चा तोटा दिसतो. तक्ता चुकीचा नाही, पण या प्रश्नाचं उत्तर तो देऊच शकत नाही.

कारण टुकड्यासाठी तू वेगळी बी विकत घेतलेली नाहीस. एकाच पोत्यातून अख्ख्या काजूच्या डब्ल्यू १८०, २४०, ३२० या ग्रेडी निघतात आणि पाकळी-टुकडाही निघतो. पोतं फोडलं की खर्च होऊन गेला, तो कोणाच्या नावावर लिहिला याने गल्ल्यात एक रुपयाही हलत नाही. शंभर किलोत सत्तर अख्खा आणि तीस टुकडा धर. दोन्ही मिळून ७६,३०० येतात, ७०,००० जातात, ६,३०० उरतात. आता टुकडा बंद कर. १६,८०० रुपये गेले, आणि वाचलं काय? तीस किलोंचं पॅकिंग. बी तेवढीच लागली, बोर्मा (गर वाळवायची भट्टी) तेवढाच पेटला. फायद्यातला कारखाना तू स्वतःच्या हाताने तोट्यात नेशील.

म्हणून पोत्याबद्दल एकच प्रश्न विचार: सगळ्या ग्रेडी आणि टरफल मिळून जे येईल, ते बी आणि प्रक्रियेच्या खर्चाहून जास्त आहे का? टुकड्याबद्दलचा प्रश्न वेगळा आहे: तो असाच विकू, की भाजून, मसाला लावून विकू? मसाल्याला किलोमागे ४५ रुपये जास्त लागत असतील आणि भाव ६० ने वाढत असेल, तर लाव मसाला. ६० चे ४० झाले तर नको. ७०० चा आकडा या दोन्हीत कुठेच येत नाही. तो वर्षाचं भावपत्रक ठरवताना लागतो, कारण भाडं आणि पगार कुठून तरी निघालेच पाहिजेत.

महाग घेतलेल्या बीचंही तसंच. तू लिहितोस, १३० ने घेतली, आता ११५ झाली, म्हणून भाव चढेपर्यंत गोदामात ठेवू. दिलेले १३० परत येणार नाहीत. आज तुझ्याकडे ११५ ची बी आहे. भाव चढेल असं मानायला बाजारातलं कारण असेल तर ठेव, खरेदीचा आकडा हे कारण नव्हे. पावसाळ्यात साठवलेल्या बीला दमट हवा लागते, तेही विसरू नकोस.

आता मशीन. तूच लिहिलंयस की दिवसाला दीडशे किलो कापून होतं आणि सोलून शंभरच. मग कापणी तीनशेवर नेऊन काय होणार? संध्याकाळी डब्यात जाणारा माल शंभर किलोच राहील, बाकीचा साल न काढता पडून राहील. जुलैच्या हवेत असा गर ओल धरतो आणि चिवट होतो, साल सुटत नाही. पुन्हा बोर्म्यात घातला तर ठिसूळ होऊन फुटतो. म्हणजे ८५० चा माल ५६० चा होतो, आणि त्यासाठी वर हप्ता! इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात हाच विचार जगभरच्या कारखान्यांपुढे ठेवला: जिथे काम अडतं तेवढाच सगळ्या कारखान्याचा वेग, बाकी ठिकाणी वाढवलेला वेग नुसता साठा वाढवतो. तुझी अडचण सोलणीच्या टेबलांवर आहे. तिथे चार टेबलं वाढव, उजेड नीट कर, अर्ध्या दिवसासाठी येऊ शकणाऱ्या गावातल्या बायकांना विचार. हा खर्च चवथ-दिवाळीच्या गर्दीत वाढवता येतो आणि नंतर कमीही करता येतो. हप्ता कमी करता येत नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत दारात उभे राहिलेले ट्रक आपण दोघांनी पाहिलेत. माल वाहणं थांबलं, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. मला त्या घरांची आठवण आली की अजून जिवाला लागतं, म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय.

हॉटेलवाला ग्रेव्हीसाठी टुकडा ५८० ने मागतो, पण पैसे नव्वद दिवसांनी, आणि म्हापशाचा व्यापारी ५६० रोख देतो. तुझी कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेची खेळत्या भांडवलाची उचल, ११ टक्क्यांची असेल तर ५८० वर तीन महिन्यांचं व्याज जवळजवळ १६ रुपये होतं. उरले चार, तेही वेळेवर आले तर. शिवाय लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या तुझ्यासारख्या उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, लेखी करारातही मुदत त्यापुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्या लघुउद्योग नोंदणीचा, म्हणजे ‘उद्यम’चा, क्रमांक प्रत्येक बिलावर छाप. भांडायला नको, आधी ४५ दिवसांवर बोलून बघ. तयार झाला तर माल दे.

एक गोष्ट मात्र भावात मोजलेली दिसली नाही. २०२३ ला गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं, आणि तू सगळा माल एकाच पाकिटात भरतोस. इथली बी आणि आफ्रिकेतून आलेली बी गोदामापासूनच वेगळी ठेव. सालीसकट भाजलेला आपला काजू मुद्दाम शोधत येणारं गिऱ्हाईक आहे. खरी वाढ मला तिथे दिसते.

रविवारी म्हार्दोळला येशील तेव्हा सोलणीची वही आणि ग्रेडिंगची वही दोन्ही घेऊन ये. टेबलागणिक किती किलो निघतात ते बघून, किती बायका आणि किती तास लागतील, ते घरी बसून काढू. मशीनवाल्याला तोवर आगाऊ रक्कम देऊ नकोस.

काकांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रशांत