कोयता घरी ठेवून: बायला एक पत्र

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी फोनला सांगून लिहून घेतोय. तू समोर असतीस तर दोन वाक्यांत "काका, पुरे" म्हणून उठून गेली असतीस. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं इथे लिहितो. वाडीतल्या लोकांना वाटतं की तू मला एक यंत्र करून दिलंस. यंत्र दिलंस हे खरंच, पण मला आभार मानायचे आहेत ते त्याच्याही पुढच्या गोष्टीचे.

माझी नजर काचबिंदूने गेली. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. आधी कडेचं जातं. पाणंदीने जाताना बाजूचा गडगा दिसेनासा होतो आणि समोरचं वर्तमानपत्र मात्र नीट वाचता येतं, त्यामुळे माणूस गाफील राहतो. थेंब घालायचे मीच मध्ये सोडले होते. डोळ्यामागची नस एकदा सुकली की गेलेली नजर परत मिळत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात काचबिंदू असेल, तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, एवढं हात जोडून सांगतो.

नजर गेल्यावर शेजारीपाजारी, भाऊबंद सगळे धावून आले. वाटे घरपोच येऊ लागले, कधी बांगडे, कधी सौंदाळे. पण वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी मी शाळेत असल्यापासून गळाने मासे गरवत आलो होतो आणि आता खडपाचं, म्हणजे पाण्याकाठच्या खडकाचं, नाव काढलं की सगळे एका सुरात म्हणत, "आता कशाला? मासे आम्ही आणून देऊ." ती माया होती, मी ती कधी विसरणार नाही. तरी सांगतो, त्या मायेने मला पडवीत बसवून ठेवलं. तीन वर्षं मी तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, हात लावला नाही.

त्या दिवशी तू पडवीत येऊन टेक्सासच्या शिकाऱ्यांचं सांगितलंस, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. तिथे 2007 साली कायदा झाला आणि अंध शिकाऱ्यांना बंदुकीवर लेझर लावायची मुभा मिळाली. सोबतीला डोळस माणूस लागतो. तो मागे उभा राहून खांद्यावरून पाहतो, लेझरचा ठिपका कुठे पडलाय ते बघतो आणि हळूच सांगतो, जरा डावीकडे, जरा वर. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, डुकरं शेतात उतरली की ते रात्र रात्र मांगरात बसत. 1972 च्या कायद्याने आपल्याकडच्या शिकारीला आळा बसला आणि ते योग्यच झालं. मला कुठलं जनावर मारायचं नव्हतं. पण मी तुला एकच विचारलं होतं, "चाप कोण ओढता?"

तू म्हणालीस, "तोच ओढता, काका."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या सुट्टीत तू ती यंत्राची डबी घेऊन आलीस. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये अंध खेळाडू बर्फावरून येऊन इलेक्ट्रॉनिक बंदुकीने नेम धरतात, नेम मध्याजवळ सरकेल तसा कानातला सूर चढत जातो, ही युक्ती तू गळाच्या काठीवर आणलीस. मासा लागला हे कळायला मला यंत्र नकोच होतं, तंगुसावरचं बोट ते आधी सांगतं. माझी अडचण होती गरी, म्हणजे गळ, टाकायची. दोन खडपांच्या मध्ये जेमतेम चार हात मोकळी वाट, ती चुकली की शिसं अडकलं आणि तंगूस तुटला. तू त्या वाटेची दिशा डबीतल्या होकायंत्राच्या चिपला शिकवलीस. काठी त्या दिशेला वळली की सूर चढतो, सरकली की उतरतो. दोन्ही कानांत वायर घालायला मी तयार नव्हतो, एक कान समुद्राला हवा. तू काही न बोलता एका कानाची वायर कापून टाकलीस.

आणि मग ते दोन दिवस! अंगणात सूर अगदी बरोबर यायचा आणि खडपावर गेलं की भलतीकडेच चढायचा. सहा वेळा गरी टाकली, चार वेळा अडकली. तू रडकुंडीला आली होतीस, तारा सोडून परत जोडत होतीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फांद्या तोडायला वाकलो, तेव्हा आकडीतला कोयता खणकन वाजला आणि तू ओरडलीस, "काका, कोयतो!" घराबाहेर लांब पडायचं म्हटलं की मी सवयीने कमरेला आकडी, म्हणजे कोयता अडकवायचा आकडा, बांधतो. अंगणात कोयता नसायचा, खडपावर असायचा. लोखंड जवळ आलं की होकायंत्र फिरतं, हे तुला पाठ होतं, पण माझ्या कमरेला काय लटकतंय तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं.

भरतीचं गणित मात्र मी तुला शिकवलं, तेवढा मान माझ्याकडे राहू दे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा. तू फोनवर ताडून बघितलंस आणि थोडा वेळ गप्प झालीस. सुरूच्या झाडापासून खडपापर्यंतच्या दोराला गाठी मी मारल्या, एक गाठ म्हणजे वळण, दोन म्हणजे कडा. तरंगायचं जॅकेट तू आणलंस आणि ते घातल्याशिवाय मला पुढे पाऊल टाकू दिलं नाहीस. त्या वेळी मी चिडलो होतो. चिडायला नको होतं.

आता मूळ गोष्ट. आपलं ठरलं होतं की तू फक्त "लाट" म्हणायचं, बाकी काही नाही. षष्ठीचा दिवस होता, पाणी अर्धं चढलं होतं. आमिषाला कोळंबी. काठी वळवली, सूर चढला, टाकली, आणि शिसं मोकळ्या पाण्यात पडल्याचा तो "बुळुक" आवाज मी तीन वर्षांनी ऐकला. मग बराच वेळ काही नाही. मग बोटाखाली एक हलकी टिचकी. पुन्हा एक. मी थांबलो. तिसऱ्या वेळी तंगूस जड झाला, बोटाला कापू लागला, तेव्हा हिसका दिला. तांबोशी होती. खडपावर आल्यावर तिने शेपटीने माझ्या पायावर जे तडाखे दिले ते अजून पायाला आठवतात. तू इतकी ओरडलीस की वरच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला.

घरी येताना, दुसऱ्या गाठीपाशी, तू सांगितलंस, "काका, माका आधीच दिसलेला. काठयेचा टोक वाकला तेव्हाच. पण बोलूक नाय मी."

बाय, आभार त्याचे आहेत. तुला दिसत होतं आणि तू गप्प राहिलीस. गेल्या तीन वर्षांत माझ्यावर जीव लावणाऱ्या एकाही माणसाला ते जमलं नव्हतं. पायरी आली की ओरड, ताट समोर आलं की घास कुठे आहे ते सांग. तू माझ्या बोटावर भरवसा ठेवलास. मासा सुटला असता तर तो माझ्या हातून सुटला असता, आणि तेही मला तेवढंच हवं होतं.

तू आता पुण्याला नोकरीला लागलीस, आईकडून सगळं कळतं. डबीची एक तार खारट हवेने हिरवी पडली होती, नाक्यावरच्या मोबाईलवाल्याने डाग देऊन दिली, पैसे घेतले नाहीत. पावसाळ्याचे चार महिने मी खडपाकडे फिरकलो नाही, तुला शब्द दिला होता. आता समुद्र निवळलाय. सोबतीला तुझा धाकटा भाऊ येतो. तो अजून मध्येच "काका, हलला, हलला" करतो, पण शिकेल.

परवा दशमी आहे, साडेसातची भरती. निघायच्या आधी आकडी सोडून पडवीतल्या खुंटीला अडकवतो, मगच दोर हातात घेतो.

तुझा,
काका