मंत्रीसाहेब, आमच्या आजोबांची ट्रंक कुठाय?

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

खातं कुठलं, कार्यालय कुठलं ते इथे लिहीत नाही, तुमच्या माणसांना बरोब्बर कळेल. परवा त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'सदर साहित्य अभिलेखात आढळून येत नाही'. सदर साहित्य म्हणजे माझ्या आजोबांचा पत्रव्यवहार, लोखंडी ट्रंक भरून.

आजोबा गोव्यात, पेडण्याला शाळामास्तर. पाली यायची, पोर्तुगीज यायची, मोडी तर झोपेतही वाचतील. पुणे, कोलंबो, लिस्बन, जिथे कोणी बौद्ध ग्रंथांवर नाहीतर जुन्या नाण्यांवर काम करतोय असं कळायचं तिथे पत्र जायचं आणि उत्तर आलं की त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'उ.दि.' आणि तारीख, म्हणजे उत्तर दिलं. निळी एरोग्रामं, एवढीशी जागा, तरी लोकांनी कडेकडेने उभं लिहून तळटीपा भरलेल्या. हे सगळं आम्ही सरकारला दिलं, कारण घराचं छप्पर गळायला लागलं आणि आई अंथरुणाला खिळलेली, मी तिचं बघू की कसर बघू? शाल घातलीत, नारळ दिलात, फोटो काढलात, 'स्कॅन करून कॉपी घरपोच देऊ' म्हणालात. पोच मागितली तर तुमचा अधिकारी हसून म्हणाला, बाई, सरकारवर विश्वास नाही का. नव्हता हो, पण समोर कॅमेरा होता.

आई गेली कॉपीची वाट बघत. भाऊ अजून टोमणे मारतो, पुण्याला दिली असती तर निदान यादी तरी झाली असती. चवथीला सगळे जमले की हाच विषय, मला घास गिळवत नाही.

मागे एकदा ट्रंक ठेवली होती त्या खोलीत डोकावू दिलं होतं. भिंतीला ओल, तिला चिकटून कपाट, आणि आमची ट्रंक कुठल्याशा महोत्सवाच्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांखाली. झाकण उघडलं तर वरचा गठ्ठा एकमेकांना चिकटलेला, ओढला असता तर अक्षरं दुसऱ्या पानावर आली असती. जुनी लोखंडी शाई असेल तर ती स्वतःच कागद खाते, त्यात आपला जुलै, हवेत ९० टक्के दमटपणा, जास्तच असेल. उपाय काय तर डांबराच्या चार गोळ्या!

साहेब, पत्रव्यवहाराला दोन टोकं असतात. आपल्या माणसाने लिहिलेलं पत्र जातं समोरच्याच्या घरी, आपल्याकडे राहतं त्याचं उत्तर. आपल्या साखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी १९१० ला हार्वर्डला गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथावर काम केलं, ते ज्यांच्याबरोबर केलं त्या संस्कृतच्या प्राध्यापक लॅनमनसाहेबांचे कागद आजही तिथल्या विद्यापीठाने जपून ठेवलेत. म्हणजे ते टोक शाबूत. इकडचं टोक? ते गोव्यातल्या माळ्यांवर वाळवी खातेय, आणि जे आम्ही विश्वासाने तुमच्या दारात आणून दिलं ते 'आढळून येत नाही'. त्यांचे चिरंजीव, इतिहासकार दामोदर कोसंबींच्या नावाने २००८ पासून विचार महोत्सव भरवता, भाषणं ऐकायला मीही येते, चांगली असतात, पण अभ्यासकांचे कागद सांभाळायला तुम्हाला एक कोरडी खोली मिळत नाही?

बरं, हे राज्य काही नवशिकं नाही. इथला पुराभिलेख १५९५ चा, दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने सुरू केलेला. लिस्बन-गोवा पत्रांचे ६०-६२ खंड अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी उचलून नेले म्हणून आपण अजून चरफडतो, पण तिकडे त्यातले काही छापले तरी गेले, इथे राहिले असते तर? इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून १९५५ ला इथल्या दप्तरांची वाटाड्या-यादी छापली, त्या माणसाच्या गोव्यात आज एका ट्रंकेची यादी होत नाही. मोडी वाचणारा कर्मचारी मागितला तर पद रिक्त, कॅसिनोची फाईल मात्र धावत सुटते, डोंगराचं झोन एका रात्रीत बदलतं, करोडो रुपये मांडवावर जातात म्हणे. माझा अर्ज मराठीत होता, १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे, उत्तर आलं इंग्रजीत, तेही नाव चुकवून. मी 'श्रीमती'ची 'श्री' झाले.

आता मला शाल नको, चौकशी समिती तर अजिबात नको. ट्रंक हातात घेतली त्या दिवसाच्या रजिस्टरचं पान दाखवा, फोटोत तुम्ही आहातच, तारीख त्यावरून काढा. सापडली तर उघडण्याआधी मला बोलवा आणि कागद सुटे करणारा जाणकार बसवा, शिपायाला ओढाताण करू देऊ नका. नाहीच सापडली तर तसं तुमच्या सहीने लिहून द्या, मराठीत, म्हणजे भावाला दाखवता येईल.

आपली,
पेडण्याची एक देणगीदार