ट्यूबच्या मागचं वाचायला लावणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

माझी चित्रं कुणी नावाजली की मी तुमचंच नाव पुढे करते. आज तेच चारचौघांत लिहिते आहे.

चित्र कसं काढायचं हे तुम्ही फारसं सांगितलं नाहीत. रंगाची ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला मात्र लावलंत. पुढचं नाव विकणाऱ्याचं, मागचा आकडा आपला, असं तुम्ही म्हणायचात. हा आकडा म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक: पीबी २९ असेल तर तो अल्ट्रामरीन निळा, मग कंपनी कुठलीही असो. 'सॅप ग्रीन' मात्र प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. पूर्वी हाच निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडापासून काढत. तो कृत्रिमरीत्या करण्याची कृती १८२८ साली जाहीर झाली, म्हणून आपल्यासारख्यांना तो सढळ हाताने वापरता येतो!

या निळ्याचे कण कागदाच्या खाचांत जाऊन बसतात. तो ओला असतानाच त्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, सोडला की खडक, खोड, भरून आलेलं आभाळ आपसूक उमटतं. काळ्या ट्यूबची आठवणही येत नाही.

पण सगळ्यात मोठं ऋण हिरव्याचं. थॅलो ग्रीन नुसता लावला तर पान प्लास्टिकचं दिसतं; बर्न्ट सिएनाचा अंश मिसळला की तेच जून पान होतं. त्याहून पुढचं म्हणजे, पानाच्या तकतकीत पाठीवर आभाळ पडतं तिथे ते चक्क निळसर असतं आणि ऊन आरपार येतं तिथे पिवळं, हे तुम्ही दाखवलंत. तेव्हापासून झाडाखालून सरळ चालत जाणं मला जमत नाही. घरचे वैतागतात.

आणि ती अलिझरिन क्रिमसनची, त्या गडद लाल रंगाची, रंगवलेली पट्टी! अर्धी झाकून तुम्ही ती उन्हाच्या खिडकीत टांगलीत. काही महिन्यांनी उघडा भाग फिकट पडलेला पाहिला आणि माझ्या सगळ्या गुलाबी फुलांची मला काळजी वाटू लागली. तुम्ही काही न बोलता उन्हात टिकणाऱ्या क्विनॅक्रिडोन रंगाची, पीव्ही १९ची, ट्यूब हातात ठेवलीत. त्या ट्यूबचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते आत्ता.

सध्या शेवाळ रंगवते आहे. त्यातला पिवळट राखाडी अजून हाताला लागत नाही, तेव्हा लवकरच त्रास द्यायला येईन. तुमच्या रंगपट्ट्यांची वही माझ्याकडेच आहे, ती मात्र परत मागू नका.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची